डीएनए फिंगरप्रिंटिंग: लॅबमध्ये नेमकं काय होतं आणि "मॅच" आला म्हणजे काय सिद्ध झालं

प्रश्न दोन भागांत आहे. डीएनए फिंगरप्रिंटिंग करतात कसं, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए वाचून काढतात का, आणि रिपोर्टमध्ये "मॅच" लिहून आलं की केस संपली का. मी बरीच वर्षं फॉरेन्सिक लॅबच्या डीएनए विभागात काम केलंय, आता पोलीस आणि डॉक्टर लोकांना नमुने कसे घ्यायचे ते शिकवतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण दुसऱ्या भागाचं उत्तर आधीच देतो: नाही, केस संपत नाही. रिपोर्ट एवढंच सांगतो की हा डाग या माणसाचा आहे. तो तिथे कधी पडला, कसा पडला, कोणाच्या हातून पोचला यातलं काहीही डीएनएमध्ये लिहिलेलं नसतं. आणि डाग लॅबपर्यंत धड पोचला नाही तर कोणाचा आहे हेसुद्धा सांगता येत नाही.

आता पहिला भाग. सगळा डीएनए कोणी वाचत नाही, गरजच नसते. आईकडून साधारण ३०० कोटी अक्षरं (म्हणजे ए, टी, जी, सी या चार रसायनांची लांब साखळी) आणि वडिलांकडून तेवढीच, असा आपल्या पेशीतला माल असतो आणि त्यातली जवळपास ९९.९ टक्के अक्षरं तुमची-माझी सारखीच. आम्हाला हव्या असतात त्या जागा जिथे माणसामाणसांत हमखास फरक पडतो. डीएनएमध्ये ठरावीक ठिकाणी चार अक्षरांचा एक छोटा तुकडा एकाला लागून एक असा परत परत येतो, उदाहरणार्थ जीएटीए जीएटीए जीएटीए. याला एसटीआर म्हणतात, शॉर्ट टँडम रिपीट. मालगाडीचं इंजिन आणि गार्डाचा डबा तोच पण मधल्या वाघिणी कधी सात तर कधी अकरा, तसं समजा, आणि आम्ही फक्त वाघिणी मोजतो. प्रत्येक जागेवर तुमच्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. ११व्या गुणसूत्रावर टीएच०१ नावाची एक जागा आहे, तिथे एखाद्याचे आकडे ६ आणि ९.३ असतील. ९.३ म्हणजे नऊ पूर्ण तुकडे आणि एक अर्धवट, ज्यात तीनच अक्षरं आहेत. हेच दोन आकडे असलेली माणसं एखाद्या शहरात हजारोंनी सापडतील, त्याला काही अर्थ नाही. पण अशा वीस-एकवीस जागा, तेही बहुतेक वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या, एकदम बघितल्या आणि सगळीकडे आकडे जुळले तर हा योगायोग असण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेटाबेसमध्ये आधी अशा १३ जागा होत्या, २०१७ पासून २० केल्या. आपल्याकडच्या लॅबमध्ये जी किट्स वापरतात त्यातही याच जागा आणि वर थोड्या जास्तीच्या असतात, शिवाय स्त्री की पुरुष ते सांगणारी ॲमेलोजेनिन नावाची एक जागा.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण लोक नेहमी विचारतात. या आकड्यांवरून तुमचा रंग, आजार, बुद्धी, जात यातलं काही कळत नाही. प्रोफाइल म्हणजे शेवटी आकड्यांच्या वीस-बावीस जोड्या. मूळ रक्ताचा नमुना मात्र जपून ठेवला तर त्यातून पुढे कोणी बाकीचं वाचू शकतं, म्हणून नमुना किती दिवस ठेवायचा, कोणी ठेवायचा, निर्दोष सुटलेल्या माणसाचं प्रोफाइल पुसायचं की नाही, यासाठी स्वतंत्र कायदा पाहिजे असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं.

आता लॅबमध्ये काय होतं ते. समजा रक्ताचा डाग असलेला शर्ट आलाय. डागाचा अगदी छोटा तुकडा कापायचा, पेशी फोडायच्या, प्रोटीन वगैरे काढून टाकून स्वच्छ डीएनए वेगळा करायचा. (रक्ताच्या लाल पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे रक्तातला आपल्या कामाचा डीएनए येतो तो पांढऱ्या पेशींमधून.) मग तो किती आहे ते मोजायचं, ही पायरी गाळली तर पुढचं सगळं बिघडतं. आम्हाला साधारण एक नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे जेमतेम दीडशे पेशींमधला डीएनए. मग पीसीआर. कोविडच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला, तंत्र तेच, डीएनएच्या हव्या त्या भागाच्या कॉप्या काढायच्या. ९५ डिग्रीच्या आसपास तापवून दोन धागे सुटे करायचे, तापमान खाली आणून प्रायमर (हव्या जागेच्या दोन टोकांना बसणारे डीएनएचे छोटे तुकडे) चिकटू द्यायचे, एन्झाइम नवा धागा बांधतं, परत तापवायचं. प्रत्येक फेरीत माल दुप्पट. २८ फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे कागदावरच्या हिशोबाने २६ कोटींच्या वर तुकडे होतात. प्रायमरना वेगवेगळे चमकणारे रंग लावलेले असतात. मग हा माल केसासारख्या बारीक नळीतून विजेच्या दाबावर पळवतात, छोटे तुकडे आधी पोचतात, मोठे मागून, लेसर रंग ओळखतो आणि कॉम्प्युटरवर डोंगरासारखे उंचवटे असलेला ग्राफ येतो. आम्ही त्यांना पीक म्हणतो. कुठला पीक कुठल्या जागेचा आणि कितव्या आकड्याचा हे सोबत पळवलेल्या मापाच्या शिडीवरून ठरतं.

खरं कौशल्य इथून पुढे लागतं. एका माणसाचा स्वच्छ नमुना असेल तर प्रत्येक जागेवर एक किंवा दोनच पीक दिसतात. पण १२ आणि १५ वर दोन उंच पीक आहेत आणि १४ वर एक बुटका तिसरा पीक आहे, असं दिसलं तर काय? पीसीआर करताना एन्झाइम कधी कधी एक तुकडा चुकवतं, त्यामुळे खऱ्या पीकच्या एक घर आधी असा बुटका पीक येतोच, त्याला स्टटर म्हणतात आणि तो शेजारच्या पीकच्या साधारण १५ टक्क्यांच्या आत असतो. तो ३० टक्के दिसत असेल, आणि बाकीच्या जागांवरही तिसरे-चौथे पीक दिसत असतील, तर नमुन्यात दुसरा माणूस आहे. मग कोणाचा किती वाटा, पीडितेचे आकडे कुठले, उरलेले कुठले, हे बसून सोडवायचं. तीन-चार जणांचं मिश्रण असेल आणि माल कमी असेल तर चांगल्या ॲनालिस्टने सरळ लिहावं की यावरून मत देता येत नाही. असं लिहायला धैर्य लागतं कारण तपास अधिकारी रोज फोन करत असतो, पण ओढूनताणून लावलेल्या मॅचमुळे माणूस जन्मभर आत जाऊ शकतो.

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये स्वॅबवर पीडितेच्या पेशी खूप आणि आरोपीच्या थोड्या असतात. तिथे डिफरन्शियल एक्स्ट्रॅक्शन नावाची पद्धत वापरतात. शुक्राणूचं डोकं फार चिवट असतं, साध्या रसायनाने फुटत नाही, म्हणून आधी सौम्य उपचाराने बाकीच्या पेशी फोडून त्यांचा डीएनए बाजूला काढायचा आणि मग डीटीटी नावाचं रसायन घालून शुक्राणू फोडायचे. नसबंदी झालेला आरोपी असेल तर शुक्राणू मिळत नाहीत, तिथे फक्त वाय गुणसूत्रावरच्या जागा बघतात, त्यात बाईच्या डीएनएची अडचणच येत नाही. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, म्हणजे आरोपी, त्याचा भाऊ, बाप, काका, चुलतभाऊ सगळ्यांचं एकच उत्तर येणार. रिपोर्टमध्ये वाय-एसटीआर जुळला एवढंच असेल तर वकिलाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि गावात एका भावकीची पन्नास घरं असतील तर जास्तच.

हे सगळं सुरू कुठून झालं तेही सांगतो, कारण त्यातच याचा खरा उपयोग दिसतो. इंग्लंडमध्ये लेस्टर युनिव्हर्सिटीत अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १० सप्टेंबर १९८४ ला सकाळी एक एक्स-रे फिल्म बाहेर काढली आणि त्यावरच्या पट्ट्या माणसागणिक वेगळ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हाची पद्धत एसटीआरची नव्हती, मोठे तुकडे कापून पट्ट्या बघायचे, डीएनए खूप लागायचा आणि वेळही खूप जायचा. पुढच्याच वर्षी घानाशी नातं असलेल्या एका मुलाच्या इमिग्रेशनच्या केसमध्ये तो खरंच त्या आईचा मुलगा आहे हे यावरून दाखवलं. मग लेस्टरजवळच्या गावांतले दोन खून, १९८३ चा आणि १९८६ चा, दोन्ही पंधरा वर्षांच्या मुली. सतरा वर्षांच्या एका पोराने दुसऱ्या खुनाची कबुली दिली होती. पोलिसांना वाटलं पहिलाही त्यानेच केला असेल म्हणून जेफ्रीजकडे गेले. उत्तर आलं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा पोरगा नाही! गुन्ह्याच्या तपासात डीएनएने पहिलं काम काय केलं असेल तर कबुली दिलेल्या निरपराध पोराला सोडवलं. मग पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले, तरी कोणी जुळेना, कारण खऱ्या गुन्हेगाराने, कॉलिन पिचफोर्कने, आपल्या जागी बेकरीतल्या सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवलं होतं. सहकारी पबमध्ये बोलून गेला, ऐकणाऱ्यांपैकी एकीने पोलिसांना सांगितलं, १९८७ मध्ये अटक आणि जानेवारी १९८८ मध्ये जन्मठेप. म्हणजे पाच हजार टेस्ट करूनही ऐनवेळी उपयोगी पडलं ते माणसाचं बोलणं, आणि नमुना देणाऱ्याची ओळख नीट तपासली नाही ही चूक तिथे पहिल्याच केसमध्ये झाली. आजही आरोपीचं रक्त घेताना फोटो, अंगठा, सह्या, साक्षीदार यावर आम्ही अडून बसतो ते यासाठी.

भारतात हे आणलं डॉ. लालजी सिंग यांनी, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत, १९८८ मध्ये. त्यांचं मूळ काम सापांच्या लिंग-गुणसूत्रांवरचं. पट्टेरी मण्यार, म्हणजे आग्या मण्यार, तिच्या डीएनएतून त्यांना जीएटीए रिपीट असलेला जो तुकडा मिळाला होता तोच माणसांवर वापरून त्यांनी स्वतःची पद्धत उभी केली. केरळात थलश्शेरीच्या कोर्टातली पितृत्वाची केस ही त्यातून सुटलेली आपल्याकडची पहिली. नंतर हैदराबादलाच यासाठी सीडीएफडी ही वेगळी संस्था झाली. महाराष्ट्रात मुंबईला कलिना इथे न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळांचं मुख्य केंद्र आहे आणि नागपूर, पुणे वगैरे ठिकाणी विभागीय लॅब आहेत. पोलिसांच्या भाषेत आमचा रिपोर्ट अजून "सीए रिपोर्ट"च, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा. २६/११ च्या खटल्यात "कुबेर" बोटीवर सापडलेल्या कपड्यालत्त्यावरचे डीएनए कसाब आणि इतर अतिरेक्यांशी जुळले हा पुरावा होता. घाम, लाळ यातून आलेल्या पेशींवरून ते अतिरेकी त्याच बोटीने आले हे दाखवता आलं.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. केस बिघडते ती बहुतेक वेळा मशीनवर नाही, पिशवीत. एकदा खुनाच्या केसमधले कपडे आले, रक्ताने भिजलेले तसेच घडी करून, पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट गाठ मारून, वर लाखेचं सील अगदी व्यवस्थित. पिशवी कापली तर आत पाणी सुटलेलं आणि कापडावर काळी-हिरवी बुरशी, वास सहन होत नव्हता. कागदोपत्री मुद्देमाल परिपूर्ण, पंचनामा बिनचूक, आणि डीएनए शून्य! ओलसर जागेत बॅक्टेरिया आणि बुरशी डीएनए खाऊन टाकतात. कपडे सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवायचे (उन्हात नाही, उन्हातले अतिनील किरणही डीएनए तोडतात) आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घालायचा. कागद श्वास घेतो, प्लास्टिक घेत नाही. पीडितेचे आणि आरोपीचे कपडे एका गाठोड्यात बांधले तर मग एकाचा डाग दुसऱ्यावर सापडला याला काही किंमत राहत नाही, आणि हे अजूनही होतं.

पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती नेहमी करतो, डीएनएसाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. हिस्टोपॅथॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली अवयवाचे तुकडे तपासण्याची) सवय असते म्हणून हात तिकडेच जातो, पण फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करतं आणि प्रोटीनशी चिकटवून टाकतं. कुजलेल्या देहात मऊ भागापेक्षा दात आणि मांडीचं हाड जास्त टिकतात, ते पाठवा. जिवंत माणसाचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या, हिरव्या टोपणाच्या हेपॅरिनवाल्या ट्यूबमध्ये नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं. केस पाठवायचे तर मुळासकट, नुसत्या कापलेल्या केसात केंद्रकातला डीएनए पुरेसा मिळत नाही, त्यातून मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा वेगळा डीएनए) मिळतो आणि तो आईच्या बाजूच्या सगळ्या नातेवाइकांचा सारखाच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणलंय, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही तरतूद मला मनापासून आवडली कारण पहिल्या दोन तासांत शिकलेला हात तिथे असला तर पुढचं निम्मं भांडण वाचतं.

स्वच्छतेचं महत्त्व पटत नसेल तर जर्मनीतली हायलब्रॉनची केस बघा. २००७ मध्ये तिथे एका महिला पोलिसाचा खून झाला आणि गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए सापडला, तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसएक गुन्ह्यांत, चोरीपासून खुनापर्यंत. पोलीस वर्षानुवर्षं त्या बाईला शोधत होते. २००९ मध्ये कळलं की तो डीएनए स्वॅब बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा आहे. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे. मशीनने एकदाही चूक केली नव्हती, उत्तर दरवेळी बरोबरच होतं, आणि तरी तपास पूर्ण चुकीचा.

आकड्यांबद्दल थोडं. रिपोर्टमध्ये येतं की असं प्रोफाइल असंबंधित लोकांमध्ये अब्जावधीत एक. हे "असंबंधित" महत्त्वाचं. सख्ख्या भावांचे बरेच आकडे जुळतात, एकसारख्या जुळ्यांचे तर सगळेच. आणि याचा अर्थ "आरोपी निर्दोष असण्याची शक्यता अब्जावधीत एक" असा होत नाही, सरकारी वकील कधी कधी कोर्टात तसं बोलून जातात. डाग त्याचाच असेल हो, पण तो त्याच घरात राहणारा असेल तर त्याचा डाग तिथे असणारच.

पितृत्वाच्या टेस्टमध्ये मुलाच्या प्रत्येक जागेवरचा एक आकडा आईशी जुळतो, उरलेला बापाशी जुळला पाहिजे. एखाद-दुसऱ्या जागी नाही जुळला तर ते म्युटेशन असू शकतं, म्हणून एवढ्यावर "बाप नाही" म्हणत नाहीत, तीन किंवा जास्त जागी फरक लागतो. कायदा मात्र इथे वेगळा विचार करतो. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच असं कायदा धरतो, जुन्या साक्ष कायद्याचं कलम ११२, आता साक्ष अधिनियमाचं ११६. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अचूक डीएनए रिपोर्ट आणि हे गृहीतक यांत टक्कर झाली तर रिपोर्ट वरचढ. पण २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने हेही बजावलं की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए टेस्ट सरसकट मागायची नाही. दुसरा निकाल मला फार मोलाचा वाटतो, त्या भांडणात मुलाला कोणी विचारत नाही आणि शिक्का मात्र जन्मभर त्याच्यावर बसतो.

बाकीचे उपयोग भराभर सांगतो. बोनमॅरो ट्रान्सप्लांट झाल्यावर रक्तात दात्याच्या पेशी किती आणि पेशंटच्या किती हे याच एसटीआरने बघतात (म्हणून अशा माणसाच्या रक्ताचं प्रोफाइल दात्याचं येतं, आम्हाला हे आधी सांगितलेलं नसेल तर मोठा घोटाळा होईल). जप्त केलेलं मांस कुठल्या प्राण्याचं, कातडं खरंच वाघाचं का, बासमतीत दुसरा तांदूळ मिसळलाय का, हेही डीएनएवरून ठरतं, फक्त जागा वेगळ्या. अमेरिकेत तर तुरुंगात खितपत पडलेले शेकडो निरपराध लोक जुन्या पुराव्यांची डीएनए टेस्ट करून सुटलेत.

आणि अपघात. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, २६० जण गेले, त्यात विमानातले काही कर्मचारी आपल्या मुंबई, डोंबिवली, पनवेलकडचे. बहुतेक देह चेहऱ्यावरून ओळखण्याच्या पलीकडे होते, गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रुपाणी यांचीही ओळख डीएनएवरूनच पटली. अशा वेळी घरच्यांना दिवस जड जातात आणि लॅबवर राग निघतो, ते साहजिक आहे, पण जळालेल्या हाडातून डीएनए काढायला वेळ लागतो आणि घाईत चुकीचा देह एका घरी गेला तर दोन घरांचं नुकसान होतं. नातेवाइकांपैकी कोणी रक्त द्यावं तर आई-वडील किंवा मुलं, त्यांच्याशी प्रत्येक जागेवर एक आकडा जुळतो. भाऊ-बहीण एकटेच असतील तर उत्तर कमकुवत येतं, दोन-तीन भावंडं द्यावीत. नवऱ्याचा किंवा बायकोचा नमुना ओळखीसाठी एकट्याने कामाचा नाही, मुलांसोबत असेल तर उपयोगी. गेलेल्या माणसाचा टूथब्रश, दाढीचं रेझर, कंगव्यातले मुळासकटचे केस मिळाले तर ते न धुता, न पुसता कागदात गुंडाळून द्या. घरातलं कोणी बेपत्ता असेल तरी हेच करा, पोलीस स्टेशनला मिसिंग नोंदवताना बेवारस मृतदेहांशी तुलनेसाठी डीएनए नमुना द्यायची तयारी लेखी कळवा, आणि तो टूथब्रश टाकून देऊ नका.